झुंबरशेठवर फेकलेली चप्पल

हिरामण कापगत्याच्या घरी ओसरीच्या भिंतीला खुंट्यांची रांग होती आणि त्या खुंट्यांवर चपला टांगलेल्या होत्या. जोड एकही नाही, सगळ्या एकेकट्या. कुठे टायरची, कुठे रबराची, एक चांगली चामड्याची, एक पांढऱ्या पट्ट्याची बायकी. नवखा पाहुणा त्यांच्याकडे बघत राहिला की हिरामण मिशीवरून बोट फिरवायचा.

"हे आपले मेडल होत," म्हणायचा.

खोटं नव्हतं ते. दिवाळी सरली की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम लागतो. दिवसा बैलांच्या शर्यतींचा शंकरपट आणि नंतर मंडपात नाटक. हिरामणने उभी हयात या मंडपांत एकच काम केलं, वाईट माणसाचं. सावकार, ठेकेदार, जमीन लाटणारा पाटील. झाडीत अशा माणसाला टाळ्या मिळत नाहीत, शिव्या मिळतात. ज्याला शिव्या जास्त, तो नट मोठा. आणि एखाद्या बाईचा तोल सुटून तिने पायातली चप्पल भिरकावली, तर त्या नटाचं नाव पुढच्या गावच्या पोस्टरवर मोठ्या अक्षरात चढतं. फेकलेली चप्पल कोणी परत मागायची नाही, असा रिवाज.

इथली नाटकं भराभर बसतात. तालीम जेमतेम. म्हणून विंगेत प्रॉम्प्टर बसतो आणि त्याचं वाक्य कानात पडलं की नट बोलतो. वाक्य येईपर्यंत बाकीचे नट घाम पुसायचे, फेटा सावरायचे. हिरामण मान खाली घालून हसायचा. आवाज न करता, हळूच, आपल्या बोटांतल्या अंगठ्यांकडे बघत. सुरुवातीला त्याने ते वेळ काढायला केलं होतं. पण त्या थांबण्यात अख्खा मंडप गार पडतो, हे त्याच्या ध्यानात आलं. समोरच्या गरिबाचं काय करायचं, हे हा माणूस मजेत ठरवतो आहे, असं लोकांना वाटायचं. मग प्रॉम्प्टरचं वाक्य लवकर आलं तरी तो थांबायचा.

आणि त्या थांबण्यात पहिली शिवी पडायची ती त्याच्याच बायकोची.

कौतिकाने ती ठरवून दिली नव्हती. लग्नानंतरच्या पहिल्या हंगामात ती नवऱ्याचं काम बघायला बायकांत बसली होती. रंगमंचावर हिरामण एका विधवेचं घर लिलावात काढत होता. तो थांबला, हसला, आणि कौतिकाच्या तोंडून सुटलं, "तुह्या घशाले कोरड पडो, मेल्या." मागोमाग सगळा मंडप तुटून पडला. घरी येताना ती शरमेने वर बघेना. हिरामण मात्र असा चालत होता, जसा त्याचा सत्कार झाला आहे. तेव्हापासून कौतिका मंडपात असली की तो तिच्या शिवीची वाट बघायचा. ती आली की काम जमलं. एरवी नाही.

हिरामणचे गुडघे थकले आणि त्याने रंगमंच सोडला. त्याच सुमारास पुण्याहून शाल्मली वझे त्याच्या गावी, मोहतळीला आली.

शाल्मली लहान मुलांचे कार्टून सिनेमे बनवायची. नव्या सिनेमात एक तळं होतं, तळ्यावर सारस पक्ष्यांची जोडी, एक म्हातारं कासव आणि काठावरच्या गावातली पोरं. आणि होता झुंबरशेठ, पिवळ्या कोटातला, सोन्याच्या दाताचा व्यापारी. त्याला ते तळं विकत घेऊन तिथे नळ बसवायचा होता आणि पाणी पैशाने विकायचं होतं. शाल्मलीला लोभी माणूस हवा होता, जो बघून पोरांच्या अंगावर काटा येईल. कोणीतरी तिला हिरामणचं नाव सांगितलं होतं.

पूर्वी असे सिनेमे चित्रावर चित्र काढून व्हायचे. एकदा काढलं की झालं, दहा वर्षांनी बघा, तेच. शाल्मलीचं यंत्र वेगळं होतं. तिने हिरामणच्या चेहऱ्यावर बारीक ठिपके चिकटवले, छातीला श्वास मोजणारा पट्टा बांधला आणि त्याला बरेच दिवस नाटकं करायला लावली. राग, लाडीगोडी, खोटं रडणं, हिशेबी हसू. कोणता स्नायू आधी हलतो, बोलण्याआधी श्वास कुठे अडतो, हे यंत्राने शिकून घेतलं आणि त्यातून एक साचा तयार केला. नुसत्या चेहऱ्याचा साचा नव्हे, वागण्याचा. सिनेमात गोष्ट पक्की असे, पण झुंबरशेठ ती गोष्ट प्रत्येक खेळाला नव्याने वठवी, एखाद्या जिवंत नटासारखी.

त्याला प्रेक्षकही कळत. खुर्चीच्या हातावर एक पातळ पट्टी होती, ती नाडी टिपायची. पडद्यावरचा कॅमेरा अंधारातही चेहरे वाचायचा, कोण हसलं, कोणी तोंड फिरवलं. देशभरच्या थिएटरांतली ही सगळी माहिती पुण्याला गोळा व्हायची आणि दुसऱ्या दिवशीचा झुंबरशेठ आदल्या दिवशीपेक्षा केसभर वेगळा यायचा. नदीतला दगड जसा गोटा होत जातो, तसा. फरक एवढाच की इथे पाण्याच्या जागी लोकांची नजर होती.

पहिला खेळ जवळच्या वडशाच्या थिएटरात झाला. झुंबरशेठ काठावर उभा राहिला. समोर तहानलेली पोरं पाणी भरायचे रिकामे गुंड घेऊन उभी.

"तळं माझं," तो म्हणाला. मग त्याने मान खाली घातली आणि अंगठ्यांकडे बघत हसला. हिरामण खुर्चीत पुढे सरकला. यंत्राला थांबणं सापडलं होतं.

"तुह्या घशाले कोरड पडो, मेल्या," शेजारून कौतिका म्हणाली.

थिएटर उसळलं. झुंबरशेठने वर बघितलं आणि वाक्य पुरं केलं, "तहान तुमची." तेव्हा मागच्या रांगेतून एक रबरी चप्पल उडत आली आणि त्याच्या सोन्याच्या दातावर बसली. हिरामणने ती थिएटरवाल्याकडून मागून घेतली आणि घरी येऊन नव्या खुंटीवर टांगली.

त्यानंतर जे घडलं, ते त्याच्या उभ्या जन्मात घडलं नव्हतं. पोरं त्याच्याजवळ यायला लागली.

इतकी वर्षं बाजारात तो दिसला की पोरं आईच्या पदराआड जायची. नात चिनूच्या मैत्रिणीसुद्धा फाटकाबाहेरून हाक मारायच्या, आत येत नसत. सिनेमा लागून पावसाळा सुरू झाला तशी ती फाटकाच्या आत आली. मग ओसरीवर. मग त्याच्या मांडीवर. शाळेने त्याला पंधरा ऑगस्टला बोलावलं. त्याने पिवळा कोट शिवून घेतला आणि तो घालून तो बाजाराला जाऊ लागला. "झुंबरशेठ, झुंबरशेठ," करत पोरं मागे धावायची. चिनू सगळ्यांना सांगायची, "हे माझे आबा आहेत." हिरामणची छाती फुगून कोटाची बटणं ताणायची.

"म्हातारपणी लागलं ना नशीब," तो कौतिकाला म्हणाला.

"कोट काढा जी आता," ती म्हणाली. "घामाचा वास येते."

दिवाळीच्या आधी सिनेमा वडशाला पुन्हा आला. हिरामण बायकोला घेऊन ऐटीत जाऊन बसला. झुंबरशेठ काठावर आला. आता त्याचे गाल गोबरे झाले होते, डोळ्यांत मिश्कील चमक होती. "तळं माझं, तहान तुमची," तो एका दमात म्हणाला, टुणकन उडी मारली आणि पुढे जोडलं, "मज्जा सगळ्यांची." सगळी पोरं ते वाक्य त्याच्याबरोबर ओरडली आणि खिदळली.

हिरामणने शेजारी बघितलं. कौतिका शेंगदाणे सोलत होती.

बाहेर आल्यावर त्याला राहवलं नाही. "काहून वो, आज काही बोलली नाहीस?"

"शिवी आली नाई जी."

"आली नाई म्हणजे?"

"म्हणजे आली नाई. त्या माणसात शिवी देण्यासारखं काही रायलं नाई. लाडका जावई वाटते."

"लोकायले आवडते थो. जीव लावतात लोकं मले."

"लावू द्या ना. मी कुठं नाई म्हणते? मी माह्या शिवीचं सांगून रायली."

हिरामण तिच्या मागे चालत राहिला. टीकाकार म्हणून त्याने जगात एकाच माणसाला मानलं होतं आणि ते माणूस शेंगदाण्याची टरफलं झटकत पुढे चाललं होतं.

त्याच आठवड्यात एका सकाळी तो गावच्या तळ्याकडे फिरायला गेला. पाळीवरच्या, म्हणजे तळ्याच्या बांधावरच्या आंब्याला पोरांनी दोराचा झोका बांधला होता. झोक्याशेजारी चिनू उभी होती, अंगावर त्याचा पिवळा कोट, बाह्या गुडघ्यापर्यंत लोंबत होत्या. पोरं रांगेत उभी होती. प्रत्येक जण तिच्या हातात काहीतरी ठेवत होतं. चिंच, काचेची गोटी, केसातली पिन. मग झोका मिळत होता. रांगेच्या शेवटी लोहाराची धाकटी होती. तिच्याजवळ काही नव्हतं.

"झोका माझा, हौस तुमची, मज्जा सगळ्यांची," चिनू म्हणाली आणि टुणकन उडी मारली. सगळी पोरं हसली. लोहाराची पोरही हसली, रांगेतून बाजूला झाली आणि टाळ्या वाजवत दुसऱ्यांचा झोका बघत राहिली.

"चिने, तिले काहून नाई देल्ला?" हिरामणने विचारलं.

"तिच्याजवळ काही नाही ना आबा."

"दोर कोणाचा?"

चिनू विचारात पडली. "तिच्याच घरचा."

"मग?"

"पण मी शेठ आहे," चिनू म्हणाली. तिच्या डोळ्यांत लबाडी अजिबात नव्हती, आणि तेच हिरामणला खुपलं. "आणि तिला राग नाही आला. शेठ चांगला असतो ना आबा. सगळ्यांना आवडतो."

हिरामण पाळीवर बसला. त्याने आयुष्यभर लोभी माणसाचं सोंग घेतलं, पण ते बघून कोणी लोभी झालं नव्हतं. सोंग चोख असलं की लोक लांब राहतात. आता त्याचाच चेहरा लावून कोणीतरी लोकांना जवळ बोलावत होतं. आणि हा बाजारात कोट घालून फिरत होता.

पुढच्या सोमवारी शाल्मली आली. बरोबर पारख साहेब होते, सिनेमा कंपनीचे मालक. गोड माणूस, वाकून नमस्कार करणारा. त्यांनी कौतिकाच्या हातचा चहा दोनदा मागून घेतला.

"आजोबा, दुसरा भाग काढतोय," ते म्हणाले. "यात झुंबरशेठच हिरो. तळ्याला नळ बसवतो आणि सगळे सुखी होतात. बाहुल्या तयार आहेत, बोलणाऱ्या. घराघरांत जाल तुम्ही."

"मग माह्याकडे काहून आले?"

शाल्मलीने खाली बघितलं. "कायदा आहे, काका. तुमच्या साच्यापासून यंत्र एका मर्यादेपर्यंतच लांब जाऊ शकतं. पुढे जायचं तर तुमची संमती लागते. झुंबरशेठ त्या मर्यादेला टेकलाय."

"माह्यं थांबणं कोणं काढलं?"

"कोणी काढलं नाही. मी यंत्राला सांगितलं होतं, लोक नाराज झाले की ते टाळायचं. तुम्ही थांबता तिथे लोकांची नाडी वाढते, कपाळाला आठ्या पडतात, शिव्या येतात. यंत्राने ती नाराजी धरली. रोज थोडं थोडं छाटत गेलं." मग ती म्हणाली, "वडशाच्या पहिल्या खेळाला मी होते. शिव्या ऐकून मला सिनेमा पडला असंच वाटलं. चप्पल तुम्ही मागून घेतली, तेव्हा मला वाटलं, तक्रार करायला नेताय."

कौतिका पदराआड हसली.

"पण लोकांचं प्रेम बघा ना," पारख म्हणाले. "पोरं मांडीवर बसतात तुमच्या. कोणाला नको असतं?"

हिरामणला ते हवं होतं. त्या मांडीवरच्या पोरांची त्याला इतकी सवय झाली होती की सकाळी फाटक वाजलं नाही तर करमायचं नाही. त्याने ओसरीवरच्या चपलांकडे बघितलं.

"एक खेळ लावा," तो शेवटी म्हणाला. "वडशालेच. मी थांबणं पुन्हा करून देतो, जसंच्या तसं. त्या खेळात यंत्रानं शिकायचं नाई, छाटायचं नाई. लोकं उठून गेले, तं तुमच्या दुसऱ्या भागाले माही संमती. नाई गेले, तं झुंबरशेठ जसा होता तसा राह्यल."

पारखांनी लगेच हात पुढे केला. यंत्राने देशभर बघून जे ठरवलं होतं, त्यावर त्यांचा विश्वास होता.

पाहुणे गेल्यावर हिरामण बायकोजवळ आला. "कौतिके, येशील ना?"

"येईन."

"आणि..."

"थे मागून भेटत नाई जी," ती म्हणाली. "आली तं देईन."

रविवारी दुपारी थिएटर भरलं. आजूबाजूच्या गावांतून माणसं आली, पोरं झुंबरशेठचं वाक्य घोकतच आत शिरली. चिनू आजीशेजारी बसली. तिच्या पलीकडे लोहाराची धाकटी. हिरामण शेवटच्या रांगेत बसला, पलीकडे पारख आणि शाल्मली. पारखांच्या मांडीवर पाटीसारखा पडदा होता, त्यावर प्रत्येक खुर्ची एक ठिपका. खूश माणूस हिरवा, नाराज माणूस लाल.

झुंबरशेठ आला, तेव्हा सगळे ठिपके हिरवे होते. पोरांनी टाळ्या पिटल्या. तो काठावर उभा राहिला. समोर रिकामे गुंड घेतलेली पोरं.

"तळं माझं," तो म्हणाला.

पोरांनी पुढचं वाक्य ओरडायला तोंड उघडलं. पण झुंबरशेठने मान खाली घातली. तो अंगठ्या बघत हसला. हळूच, आतल्या आत. उघडी तोंडं उघडीच राहिली. कुठेतरी एक पोर एकटंच "मज्जा" म्हणालं आणि गप्प झालं.

झुंबरशेठ थांबला होता. पडद्यावर एका लहान मुलीने ओठांवरून जीभ फिरवली.

पारखांच्या पाटीवर एक ठिपका लाल झाला, मग पाच, मग अख्ख्या रांगा. "गेलं," ते पुटपुटले. हिरामणने तिकडे बघितलंही नाही. तो पुढे, कौतिकाच्या डोक्याकडे बघत होता. डोकं हलत नव्हतं. थांबणं लांबत चाललं. त्याला वाटलं, आपलं संपलं. लोक विसरले.

तेवढ्यात चिनू उठून उभी राहिली. ती पडद्याकडे बघत नव्हती, शेजारच्या लोहाराच्या पोरीकडे बघत होती. ती पोर पडद्यावरच्या मुलीसारखीच ओठ चाटत होती. चिनूने मान वर केली.

"तुला कोणी दिलं तळं?" ती म्हणाली. आवाज चिरका होता, पण थिएटरभर गेला.

आणि तिच्या शेजारून, वर्षानुवर्षं मंडपात घासून धार आलेला तो आवाज उठला.

"तुह्या घशाले कोरड पडो, मेल्या."

मग काय विचारता. थिएटराचं छप्पर तेवढं जागेवर राहिलं. बायका, पोरं, बाप्ये, सगळे तुटून पडले. झुंबरशेठने वर बघितलं, "तहान तुमची," म्हणाला, आणि ते कोणाला ऐकूही गेलं नाही. पुढून एक लहानशी चप्पल उडाली, उंच गेली आणि त्याच्या पिवळ्या कोटावर बसली.

पाटी लालभडक झाली होती. एकही ठिपका विझला नव्हता. म्हणजे खुर्ची सोडून कोणी गेलं नव्हतं. शेवटी सारसांची जोडी तळ्यावर उतरली आणि झुंबरशेठचा नळ चिखलात रुतला, तेव्हा लोक असे ओरडले, जसं आपल्याच गावचं तळं वाचलं.

पारख पाटी पालथी घालून बसले होते. "मलाही राग आला त्याचा," ते जरा नवलानेच म्हणाले.

"तुमचा बी चालते," हिरामण म्हणाला. "आपण कोणाले नाई म्हणत नाई."

पारखांनी शब्द पाळला. दुसरा भाग निघाला नाही, बाहुल्या गोदामात राहिल्या. शाल्मलीने त्याच दिवशी यंत्राला नवी ताकीद दिली, की बाकी काहीही छाट, थांबण्याला हात लावायचा नाही.

हिरामण पडद्याखालून चप्पल उचलून बाहेर आला. दारात पोरांचा घोळका होता. त्याला बघून तो मधोमध फाटला. नेहमी मांडीवर बसणारा कुंभाराचा नातू आईच्या मागे सरकला. हिरामणचा मोकळा हात नकळत त्याच्याकडे गेला. पण त्याने पाठ ताठ केली, मिशीवरून बोट फिरवलं आणि त्या वाटेतून सावकाश चालत गेला, पूर्वी मंडपातून जायचा तसा.

रस्त्यावर कौतिका आणि चिनू पुढे चालल्या होत्या. चिनूचा एक पाय अनवाणी होता. ती मागे वळली, आबाच्या हातातली चप्पल तिने बघितली आणि आजीचा पदर घट्ट धरला.

"आबा, माझी चप्पल," ती तिथूनच म्हणाली.

कौतिकाने तिला उचलून कडेवर घेतलं. "मागू नोको, माय," ती म्हणाली. "फेकलेली चप्पल आपल्या घरी परत भेटत नाई."

हिरामणने ती छोटी चप्पल सदऱ्याच्या वरच्या खिशात, लोकांना दिसेल अशी खोचली. घरी गेल्यावर त्याने नवी खुंटी ठोकली नाही. चामड्याची चांगली चप्पल मधल्या खुंटीवर होती. ती त्याने बाजूला सरकवली आणि तिथे चिनूची टांगली.